चार घटकांची भुकटी : प्रकल्प नोंदी

६ जून

मुलांसाठी एक भुकटी तयार करायची आहे. प्रत्येक गटाला एक बाटली, आत मोजून घातलेले चार पदार्थ. मुलांनी ते वेगळे करायचे आणि चार पुड्या बांधून परत द्यायच्या, प्रत्येक पुडीवर वजन लिहून. पुस्तकात याची कृती दिलेली असते: आधी चुंबक, मग संप्लवन (तापवून घन पदार्थाची थेट वाफ करणं), मग पाणी, गाळणं, बाष्पीभवन. पण वजनं कुठेच नसतात. वजन नसलं की प्रयोग 'झाला' म्हणायला फार सोपं जातं. बशीत पांढरं काहीतरी उरलं की ते मीठ, असं धरून सगळे पुढे जातात. ते पांढरं म्हणजे खरंच नुसतं मीठ आहे का, हे कोणी विचारत नाही.

घटक ठरले: लोखंडाचा कीस ५ ग्रॅम, वाळू १० ग्रॅम, मीठ ८ ग्रॅम, नवसागर (अमोनियम क्लोराइड) ४ ग्रॅम. एकूण २७. मीठ प्रयोगशाळेतलंच शुद्ध सोडियम क्लोराइड घेणार, कारण स्वयंपाकाच्या मिठात गुठळ्या होऊ नयेत म्हणून घातलेले पदार्थ द्रावण गढूळ करतात. लोखंड चुंबकाला चिकटतं, नवसागर तापवला की उडतो, मीठ पाण्यात विरघळतं. वाळूला यातलं काहीच होत नाही आणि तेच तिचं काम.

खडूची भुकटीही घालावी असं एकदा मनात आलं होतं. पण खडू वाळूपासून सोडवायचा तर आम्ल घालावं लागतं, मग खडूचा खडू राहत नाही. तो वेगळा केला असं म्हणता येत नाही, तो संपवला. खडू बाद.

७ जून

वाळू दिसते तितकी गरीब नाही. आणलेली वाळू पाण्यात ढवळली तर पाणी मातकट झालं. गाळणकागदातून गाळलं, तरी खाली आलेलं पाणी दुधट. पुन्हा गाळलं, तसंच. अंधारात बाजूने टॉर्चचा झोत टाकला तर पाण्यातून प्रकाशाची पट्टी स्वच्छ दिसली. म्हणजे टिंडल परिणाम, म्हणजे चिकणमातीचे कलिल कण, पाण्यात न विरघळता तरंगत राहणारे अतिसूक्ष्म कण. साध्या गाळणकागदाची छिद्रं काही मायक्रोमीटरची असतात, कलिल कण त्याहून कितीतरी लहान. शेजारी मिठाच्या द्रावणाचा बीकर ठेवून झोत टाकला, तर काहीच दिसलं नाही. मुलांना दाखवायला ही जोडी छान आहे. एकाच झोतात दोन बीकर ठेवले की द्रावण आणि कलिल यांतला फरक तोंडाने सांगावा लागत नाही.

सहकारी म्हणाल्या, तुरटी फिरवा, गाळ बसेल. बसतो, हे खरं. तुरटीतले ॲल्युमिनियमचे आयन मातीच्या कणांवरचा ऋण प्रभार शमवतात, मग कण एकमेकांना चिकटून जड होतात. पण तुरटी स्वतः पाण्यात विरघळलेली राहणार आणि शेवटी मिठाबरोबर बशीत उतरणार. एक पाहुणा घालवायला दुसरा घरात घेण्यासारखं. त्यापेक्षा वाळूच आधी धुऊन घेऊ.

पद्धत: वाळू पाण्यात ढवळायची, जड कण खाली बसले की वरचं गढूळ पाणी लगेच ओतून टाकायचं. पाणी नितळ येईपर्यंत हेच. मग विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब. फसफसलं तर शिंपल्यांचे तुकडे आहेत असं समजायचं आणि फसफस थांबेपर्यंत आम्लात ठेवायचं. ही वाळू फसफसली. नंतर भरपूर पाण्याने धुऊन ११० अंशांवर भट्टीत वाळवली.

९ जून

चुंबकाला सरळ भुकटीत घालायचं नाही, हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी प्रत्येक वर्गात एक चुंबक दाढी वाढवून परत येतो. पातळ प्लास्टिकची पिशवी चुंबकावर उलटी चढवायची, कीस गोळा झाला की पिशवी सुलटी करत चुंबक काढून घ्यायचा. कीस पिशवीतच राहतो.

पहिल्या फेरीत ५.३१ ग्रॅम कीस आला. घातला होता ५.००. लोखंडाचे कण एकमेकांना धरून गुच्छ करतात आणि त्या गुच्छांत वाळू, मीठ सगळं अडकतं. गोळा झालेला कीस कागदावर पसरून, चुंबक वरून किंचित अंतरावर धरून पुन्हा उचलला. असं करत ५.०६ वर आला. भिंगातून पाहिलं तर कणांच्या खाचांत पांढरी भुकटी अजून आहे. धुतली तर जाईल, पण ते पाणी मिठाच्या पाण्यात मिळवावं लागेल आणि ओलं लोखंड लगेच गंजायला लागेल. ५.०६ मान्य.

लोखंड पहिल्यांदा काढायचं ते याचसाठी. मीठ आणि नवसागर दोघांच्याही पाण्यात लोखंड झपाट्याने गंजतं. मुद्दाम चिमूटभर कीस त्या द्रावणात टाकून ठेवला. दुपारपर्यंत तळाला नारिंगी कडं आलं.

१० जून

संप्लवन. बाष्पनबशीत लोखंड काढलेली भुकटी, वर सच्छिद्र कागद, त्यावर पालथं नरसाळं, नरसाळ्याच्या नळीत कापसाचा बोळा. ज्योत मंद. सगळं फ्यूम हूडखाली (धूर बाहेर ओढून नेणारं कपाट).

काही मिनिटांत नरसाळ्याच्या आतल्या बाजूला पांढरा थर धरायला लागला. बघायला सुंदर. आधी काच धुरकट होते, मग त्या धुरकटपणाला दाणे येतात, मग पिसासारखे धागे. पण कापसाच्या बोळ्यातूनही पांढरा धूर निघतच होता. बोळा घट्ट केला तर नरसाळं बशीवरून किंचित उचललं जातं आणि खालून धूर निघतो.

संप्लवन हा शब्द इथे सवलतीनेच वापरावा लागतो. आयोडीन किंवा कापूर वाफ होताना आयोडीन आणि कापूरच राहतात. नवसागर तसा नाही. तापला की त्याचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड असे दोन वायू होतात (सुमारे ३३८ अंशांना हे पूर्ण जोरात चालतं), आणि थंड काचेवर तेच दोघे पुन्हा एकत्र येऊन नवसागर होतो. हे दाखवताही येतं. परीक्षानळीत तळाशी नवसागर, मध्ये काचलोकरीचा सैल बोळा, वर ओला लाल लिटमस (आम्लात लाल आणि अमोनियासारख्या अल्कलीत निळा होणारा कागद). तापवलं की बोळ्याच्या वरचा लिटमस आधी निळा होतो, कारण अमोनियाचा रेणू हलका (रेणुवस्तुमान १७) आणि हायड्रोजन क्लोराइडचा दुप्पट जड (३६.५). हलका वायू बोळ्यातून आधी पार होतो. थोड्या वेळाने मागून आम्ल येतं आणि कागद पुन्हा लाल. ज्याला आपण नुसतं उडणं म्हणतो त्यात आत किती काय घडतं, ते या एका कागदाच्या रंगावर दिसतं.

नरसाळ्यावरून खरवडून काढला तो नवसागर: २.७४ ग्रॅम. घातला होता ४.००.

११ जून

उरलेल्या वाळू-मिठात ४० मिलिलीटर पाणी. ८ ग्रॅम मिठाला खोलीच्या तापमानाला २३ मिलिलीटरही पुरलं असतं (१०० ग्रॅम पाण्यात सुमारे ३६ ग्रॅम मावतं), पण काठावर राहण्यात अर्थ नाही. गरम करायचीही गरज नाही. मिठाची विद्राव्यता तापमानाला जवळजवळ भीक घालत नाही: ० अंशाला ३५.७, १०० अंशांना ३९ च्या आसपास. ढवळल्याने किंवा तापवल्याने लवकर विरघळतं, जास्त नव्हे. या दोन गोष्टी मुलं हमखास एक करतात.

गाळल्यावर वाळू धुणं. इथे गणित करून पाहण्यासारखं आहे. १० ग्रॅम ओली वाळू साधारण २ मिलिलीटर द्रावण धरून ठेवते असं समजू. ४० मिलिलीटरमध्ये ८ ग्रॅम, म्हणजे त्या २ मध्ये ०.४ ग्रॅम मीठ. धुवायला १५ मिलिलीटर पाणी आहे. ते एकदम ओतलं तर १७ पैकी २ भाग मागे राहतात, म्हणजे ०.०४७ ग्रॅम मीठ वाळूतच. तेच पाणी ५-५ करून तीनदा ओतलं आणि दर वेळी पूर्ण निथळू दिलं, तर २/७ चा घन, म्हणजे ०.००९ ग्रॅम. पाणी तेवढंच, मागे राहणारं मीठ पाचपट कमी. हे फळ्यावर करून दाखवायचं.

वाळलेली वाळू ९.९७ ग्रॅम.

मिठाचं पाणी बाष्पनबशीत घेऊन जलऊष्मकावर (गरम पाण्याच्या भांड्यावर) ठेवलं. शेवटच्या टप्प्यात थेट ज्योतीवर घेतलं की तडतड सुरू होते. स्फटिकांच्या आत अडकलेल्या पाण्याची वाफ होते आणि स्फटिक फुटून उडतात. बशीवर घड्याळकाच (काचेची खोलगट चकती) झाकून ठेवली, तिला चिकटलेले कण परत बशीत झाडले.

मीठ ८.६२ ग्रॅम. घातलं होतं ८.००.

बेरीज: लोखंड ५.०६, वाळू ९.९७, मीठ ८.६२, नवसागर २.७४. एकूण २६.३९, म्हणजे ९७.७ टक्के. आकडा दिसायला फार छान आहे. वहीत लिहून मोकळं व्हावं इतका छान.

१२ जून

मीठ वाढलं कसं? एक तर ते ओलं असणार, नाहीतर त्यात दुसरं काही असणार. भट्टीत ठेवून, निर्जल कुपीत (आतली हवा कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात) थंड करून पुन्हा तोललं. ८.६२. पुन्हा ठेवलं, पुन्हा ८.६२. वजन स्थिर आहे, ओलावा नाही.

चिमूटभर 'मीठ' परीक्षानळीत घेतलं, त्यात सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण घालून कोमट केलं, तोंडाशी ओला लाल लिटमस धरला. लख्ख निळा. अमोनियाचा वासही आला. म्हणजे नवसागर आहे.

तो तिथे राहिला कारण वाळू उष्णतेची वाईट वाहक. बशीत भुकटीचा थर बोटभर जाड होता. तळाचा भाग तापला, वरचा थर आणि मधले दाणे तापायच्या आत ज्योत बंद झाली. पांढरा धूर यायचा थांबला म्हणजे नवसागर संपला असं नाही, नुसता पोहोचेल तेवढा संपला.

उरलेलं सगळं मीठ आता वाळूशिवाय, पातळ पसरून, हूडखाली जोरात तापवलं. मिठाला याचं काही नाही, त्याचा वितळणबिंदू ८०१ अंश. पांढरे धूर आले, थांबले. बशी ढवळली, पुन्हा थोडे आले, थांबले. लिटमस आता लालच राहिला. मीठ ७.९४.

आता नवी बेरीज: २५.७१. म्हणजे ९५.२ टक्के.

या दोन ओळी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिणार आहे. काल ९७.७ होते आणि पुड्या चुकीच्या होत्या, आज ९५.२ आहेत आणि पुड्या बरोबर आहेत. बेरजेला एवढंच कळतं की किती पदार्थ हातून गेला. कोण कोणाच्या पुडीत जाऊन बसलंय ते तिला कळत नाही. मुलांकडून टक्केवारीबरोबर प्रत्येक पुडीची एक चाचणी मागायचीच. नुसत्या टक्केवारीवर गुण दिले तर कमी तापवणारा गट पहिला येईल.

१६ जून

आज सराव म्हणून एका गटाला भुकटी दिली, क्रम सांगितला नाही. त्यांनी चुंबक फिरवला आणि सरळ पाणी ओतलं. मी गप्प बसलो.

गाळलं, वाळू धुतली, सगळं पाणी आटवलं. बशीत मीठ आणि नवसागर एकत्र, ११.७८ ग्रॅम. त्यातली एक म्हणाली, "सर, आता हे दोन्ही पांढरं. पुस्तकात संप्लवन आधी होतं." मी विचारलं, आता केलं तर काय बिघडेल? थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग दुसरा म्हणाला, "काही नाही बिघडणार. उलट वाळू नाहीये मध्ये."

बरोबर तेच. बशीत पातळ थर, वाळूची आडकाठी नाही, नवसागर सरळ उडाला. नरसाळ्यावर ३.१२ ग्रॅम मिळाला, मागे मीठ ७.९१. लोखंड ५.०४, वाळू ९.९५. एकूण २६.०२, ९६.४ टक्के, आणि मिठाची लिटमस चाचणी पहिल्याच फटक्यात साफ.

पुस्तकातला क्रम चूक नाही, पण तोच एक क्रम आहे असंही नाही. या क्रमालाही एक खोट आहे. नवसागराचं द्रावण आटवताना थोडा अमोनिया वाफेबरोबर जातो आणि द्रावण किंचित आम्लधर्मी होत जातं, म्हणून उकळू द्यायचं नाही, जलऊष्मकावरच. तरी मला हाच क्रम आवडला.

मुलगी पुढे म्हणाली, "११.७८ मधून ७.९१ वजा केले तर ३.८७ येतात. मग नवसागर ३.८७ लिहू का?" चांगला प्रश्न. फरकाने काढलेला आकडा घातलेल्या वजनाच्या जास्त जवळचा आहे. पण पुडीत ३.१२ च आहे. दोन्ही लिही म्हटलं, एक 'किती होता' या रकान्यात आणि एक 'किती हाती आला' या रकान्यात.

१७ जून

तराजूचा शून्य हलतो. पंखा बंद केला, हलायचा थांबला.

२० जून

दुसरा भाग. दोन्ही घटक पाण्यात विरघळणारे, दोन्ही न उडणारे: मीठ आणि पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे सोरा. चुंबक, गाळणी, ज्योत सगळं निरुपयोगी. हाती राहतो तो विद्राव्यतेच्या वक्रांतला फरक.

१०० ग्रॅम पाण्यात सोरा ० अंशाला १३.३ ग्रॅम, २० ला ३१.६, ४० ला ६३.९, ६० ला ११०, ८० ला १६९. मिठाची रेघ याच्या शेजारी आडवी पडलेली. मुलांना आलेख काढायला लावला की दोन्ही रेघा २० आणि ३० अंशांच्या मध्ये एकमेकींना छेदतात. त्या बिंदूच्या डावीकडे सोरा कमी विरघळणारा, उजवीकडे मीठ. सगळी युक्ती त्या छेदात आहे.

सुरक्षेचं आधी: सोरा ऑक्सिडीकारक आहे, म्हणजे ऑक्सिजन पुरवून आग भडकवणारा. तो पहिल्या भुकटीत मिसळायचा नाही, लोखंडाच्या किसाबरोबर किंवा नवसागराबरोबर कोरडा तापवायचा तर मुळीच नाही. बाटल्या वेगळ्या, कपाटही वेगळं. आणि सोऱ्याच्या पाण्यात भिजलेला गाळणकागद वाळला की भराभर जळतो, विझवायला गेलं तरी धुमसत राहतो. कचऱ्यात टाकण्याआधी कागद पाण्याने धुवायचे. हे पाटीवर मोठ्या अक्षरात.

२३ जून

सोरा ४० ग्रॅम, मीठ ५ ग्रॅम, पाणी ५० मिलिलीटर. ७० अंशांपर्यंत तापवलं, सगळं विरघळून पाणी नितळ. बीकर तसाच टेबलावर ठेवला, हलवायचा नाही.

कागदावर: ५० ग्रॅम पाण्यात ४० ग्रॅम सोरा, म्हणजे १०० ला ८०. वक्रावर हे ४७-४८ अंशांना येतं. प्रत्यक्षात पारा पंचेचाळिशीला आला तेव्हा तळाशी पहिली सुई दिसली. आधी एकच, केसाएवढी, मग तिच्या कडेने आणखी. पाहता पाहता बीकरभर आडव्यातिडव्या सुया, एकमेकींना टेकलेल्या. दुसरा बीकर मुद्दाम बर्फात घालून ढवळत थंड केला. त्यात सुया नाहीत, नुसती पांढरी रेव. रेव जास्त शुद्ध असेल असं मुलांना वाटतं, कारण ती मिठासारखी स्वच्छ दिसते. उलट असतं. घाईघाईने वाढणारे दाणे स्वतःबरोबर द्रावण कोंडून घेतात.

सुयांचा बीकर मग बर्फाच्या पाण्यात १० अंशांपर्यंत उतरवला. १० अंशांना १०० ग्रॅम पाण्यात २०.९ ग्रॅम सोरा राहतो, आपल्या ५० मध्ये साधारण १०.५. म्हणजे २९.५ बाहेर यायला हवा. मिठाचे ५ ग्रॅम मात्र द्रावणातच, कारण ५० ग्रॅम पाण्यात त्याला १८ ग्रॅमपर्यंत जागा आहे.

गाळून, न धुता वाळवलं: २९.९ ग्रॅम. हिशेबापेक्षा जास्त! पहिल्या भुकटीच्या मिठासारखंच. स्फटिकांना चिकटलेला द्रव वाळला आणि त्यातलं मीठ-सोरा दोन्ही तिथेच बसलं.

चाचणी: थोडे स्फटिक ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाण्यात विरघळवून सिल्व्हर नायट्रेटचे थेंब. दह्यासारखा पांढरा अवक्षेप, म्हणजे क्लोराइड भरपूर. (आधी नुसत्या पाण्याची चाचणी करून घेतली होती. नळाचं पाणी वापरलं असतं तर तेच पांढरं झालं असतं, त्यात क्लोराइड असतंच.)

दुसरी बॅच त्याच मापाने. स्फटिक गाळणीवर असतानाच बर्फासारख्या गार पाण्याने धुतले, ५ मिलिलीटर, दोनदा. धुणं फुकट नाही. १० मिलिलीटर पाणी ० अंशाला १.३ ग्रॅम सोरा घेऊन जातं. वाळवून २८.१ ग्रॅम. सिल्व्हर नायट्रेटने आता नुसती निळसर धूसर छटा.

हे २८.१ पुन्हा २५ मिलिलीटर गरम पाण्यात, सावकाश थंड, शेवटी ० अंशापर्यंत, पुन्हा थोडं धुणं. २४.० ग्रॅम. सिल्व्हर नायट्रेट घातलं, पाणी नितळच. परीक्षानळीमागे काळा कागद धरून पाहिलं, तरी काही नाही.

४० पैकी २४. साठ टक्के. पण आता बाटलीवर 'पोटॅशियम नायट्रेट' लिहायला हात कचरत नाही. उरलेला सोरा कुठे गेला ते प्रत्येक पायरीवर सांगता येतं: गाळलेल्या द्रवात, धुतलेल्या पाण्यात, दुसऱ्या द्रवात. हे सगळे द्रव जपून ठेवलेत.

२४ जून

पहिल्या गाळलेल्या द्रवात साधारण १०.५ ग्रॅम सोरा आणि ५ ग्रॅम मीठ. आता छेदाच्या उजव्या बाजूला जायचं. पाणी उकळून आटवत नेलं की गरमागरम द्रवात मीठच कमी विरघळणारं ठरतं आणि ते आधी खाली पडतं. पडलंही, बारीक चौकोनी दाणे, सोऱ्याच्या सुयांहून अगदी वेगळे. पण ते गरम असतानाच गाळावं लागतं आणि इथे माप आडवं आलं. द्रव जेमतेम १० मिलिलीटर. नरसाळ्याच्या नळीत शिरताक्षणी थंड झाला आणि नळीत सोऱ्याच्या सुयांचं बूच बसलं. नरसाळं गरम पाण्यात ठेवून, आखूड नळीचं घेऊन, कागदाला चुण्या घालून पाहिलं. थोडं बरं. वर्गात ही पायरी मुलांच्या हाती द्यायची नाही, मी करून दाखवेन, तेही दहापट मापाने.

ही युक्ती नवी नाही. १९ व्या शतकात चिलीचं सोडियम नायट्रेट आणि पोटॅशियम क्लोराइड एकत्र उकळून सोरा याच तत्त्वाने काढत. उकळत्या द्रावणात चारही आयन मोकळे फिरतात. कोणता धन आयन कोणत्या ऋण आयनाबरोबर आला होता याची द्रावणाला आठवण नसते. गरम असताना मीठ पडतं, ते गाळून टाकलं की थंड होताना सोरा पडतो. जे मीठ आणि सोरा बाहेर आले ते आत घातलेच नव्हते. आमच्या बीकरमध्येही विरघळल्यावर 'मीठ' आणि 'सोरा' असं काही नव्हतं, चार आयनच होते. मुलांपैकी कोणी हा प्रश्न काढला तर तास तिथेच घालवायला माझी हरकत नाही.

२७ जून

शाईचा प्रयोग, तराजूशिवाय. काळ्या स्केचपेनचा ठिपका गाळणकागदाच्या पट्टीवर, पेन्सिलच्या रेघेवर (पेनाने रेघ मारली तर रेघच वर चढते), पट्टीचं टोक पाण्यात आणि ठिपका पाण्याच्या पातळीच्या वर. काळ्यातून निळा, जांभळा, पिवळा निघाले. पाणी ८.४ सेंटीमीटर चढलं तेव्हा निळा ७.१ वर होता, म्हणजे गुणोत्तर ०.८५. परमनंट मार्करचा ठिपका पाण्यात जागचा हलला नाही, अल्कोहोल घेतल्यावर हलला.

मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने १९०० नंतरच्या पहिल्या दशकात पानांतली रंगद्रव्यं खडूच्या भुकटीने भरलेल्या काचेच्या नळीतून अशीच पट्ट्यापट्ट्यांनी वेगळी केली. १९०६ साली त्याने या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिलं. आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांना याच कुळातल्या विभाजन क्रोमॅटोग्राफीसाठी १९५२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

इथे मला आवडतं ते हे, की रंग किती वेगळे झाले ते डोळ्यांना थेट दिसतं. निळ्या पट्ट्याच्या टोकाशी जांभळा मिसळला असेल तर लपत नाही. भुकटीत मात्र सगळेच पांढरे, म्हणून तिथे चाचण्या लागतात. वर्गात शाईचा प्रयोग भुकटीच्या आधी घ्यायचा, नंतर नाही.

३० जून

मुलांना द्यायचा कागद तयार. क्रम छापलेला नाही. वरच्या भागात चार पदार्थांचे गुण एका तक्त्यात, खाली दोन रकाने, 'किती होता' आणि 'किती हाती आला', आणि प्रत्येक पुडीसमोर चाचणीची मोकळी जागा. मिठाच्या पुडीला लिटमसची चाचणी सक्तीची. लोखंडाच्या पुडीला भिंग. वाळूच्या धुण्याचे शेवटचे थेंब घड्याळकाचेवर आटवून डाग उरतो का ते पाहायचं. नवसागराला काय चाचणी लावायची ते त्यांनी सुचवायचं.

गुण: चाचणीला सहा, टक्केवारीला दोन, क्रम का निवडला त्याला दोन. शंभराहून जास्त टक्के आलेल्या गटाला टक्केवारीचे गुण नाहीत, पण कारण शोधून काढलं तर ते दोन्ही परत.

सोऱ्याचा भाग पुढच्या महिन्यात, दोन जोड-तासिका लागतील. सिल्व्हर नायट्रेट तपकिरी बाटलीत, हातमोजे घालूनच. बोटांना लागलं तर काळे डाग अनेक दिवस जात नाहीत. चांदी असलेला वापरलेला द्रव बेसिनमध्ये नाही, वेगळ्या बाटलीत. गाळणकागद धुण्यासाठी एक बादली दाराशी.